दुधाचा पाट, पाण्याचा पाट

शिरीन-फरहादची कथा उर्दू वाचणाऱ्याला नव्याने सांगावी लागत नाही. ‘कोहकन’ हा शब्द आला की डोंगर फोडणारा फरहाद डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘तेशा’ म्हटले की त्याच्या हातातले हत्यार दिसते. एखादे काम अशक्यप्राय आहे हे सांगायचे झाले तर ‘जू-ए-शीर लाना’ हा वाक्प्रचार आपोआप जिभेवर येतो. जू-ए-शीर म्हणजे दुधाचा पाट. पारशी रंगभूमीने ही कथा खेळली. बोलपटाच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे १९३१ साली, कलकत्त्याच्या मदन थिएटर्सने तिच्यावर गाण्यांनी भरलेला बोलपट काढला आणि १९५६ मध्ये मधुबाला शिरीन झाली. मात्र याच कथेवर रशियात तीन अंकी बॅले झाला, तो आजही मोठ्या नाट्यगृहांत होतो आणि त्याचे मूळ नाझिम हिकमत या तुर्की कवीच्या नाटकात आहे, याची चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही. या लेखात त्या बॅलेचा विचार करायचा आहे.

बॅलेचे नाव ‘प्रेमाची आख्यायिका’. २३ मार्च १९६१ रोजी लेनिनग्राडच्या किरोव्ह थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. नृत्यरचना युरी ग्रिगोरोविच यांची, संगीत अझरबैजानचे तरुण संगीतकार आरिफ मेलिकोव्ह यांचे आणि नेपथ्य सिमोन विरसालाद्झे यांचे. संहिता हिकमत आणि ग्रिगोरोविच यांनी मिळून तयार केली. १९६५ मध्ये मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरने तो घेतला. तेथे माया प्लिसेत्स्काया, नताल्या बेस्मेर्तनोवा आणि मारिस लिएपा यांनी प्रमुख भूमिका केल्या. पुढे २०१४ मध्ये बोल्शोयने तो पुन्हा मंचावर आणला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचा प्रयोग देशोदेशीच्या चित्रपटगृहांत दाखवला गेला. स्वेतलाना झाखारोवा, आन्ना निकुलिना आणि देनिस रोदकिन यांचा तो प्रयोग आम्ही मुद्रित स्वरूपात पाहिला आहे. पुढचे विवेचन मुख्यतः त्यावर आधारलेले आहे.

आपल्यापैकी काही वाचक विचारतील की, नाचाशी आपला काय संबंध? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, कथा आपली आहे. निजामी गंजवी, अमीर खुसरो, अलीशेर नवाई यांच्यापासून गालिब आणि इक्बालपर्यंत ज्या कथेवर आपल्या परंपरेने विचार केला, तिचे परक्या मंचावर काय झाले हे पाहणे आपल्याला टाळता येणार नाही. ती बिघडली असेल तर तसे म्हणावे आणि तिच्यात काही नवे दिसले असेल तर तेही मान्य करावे.

बॅलेची मुख्य अडचण अशी की, त्यात शब्द नाही. रंगमंचावरची माणसे बोलत नाहीत, गातही नाहीत. वाद्यवृंद आणि शरीर एवढेच साहित्य. लहानसा प्रसंग अशा रीतीने सांगता येतो, पण दोन तास चालणारी शोकांतिका सांगायची म्हणजे अवघड काम. जुन्या प्रेमकथांतील शोक बहुतेक वेळा एखाद्या शब्दावर टांगलेला असतो. रोमिओ आणि ज्युलिएट मरतात ते एक पत्र वेळेवर न पोचल्यामुळे. आता न पोचलेले पत्र नाचून कसे दाखवणार? प्रोकोफिएव्हने १९३५ मध्ये ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ हा बॅले लिहायला घेतला तेव्हा त्याने शेवट चक्क सुखाचा केला होता. जिवंत माणूस नाचू शकतो, मरणारा नाचू शकत नाही, असा त्याचा हिशेब होता. पुढे तो शेवट बदलला आणि १९३८ मध्ये ब्रनो येथे व १९४० मध्ये लेनिनग्राड येथे तो बॅले मूळच्या शोकांत रूपात झाला. परंतु प्रोकोफिएव्हला पडलेला पेच खोटा नव्हता. शोकांतिका नाचायची असेल तर तिच्यातला शोक शब्दावरून काढून शरीरावर आणावा लागतो.

शिरीन-फरहादच्या कथेत हा पेच आणखी मोठा आहे. निजामीने बाराव्या शतकाच्या अखेरीस ‘खुसरो व शिरीन’ ही मसनवी लिहिली. तिच्यात फरहाद हा मुख्य नायक नाही. तो मधल्या काही प्रकरणांपुरता येतो आणि सर्वांचे मन घेऊन जातो. शिरीनच्या महालापासून तिचे कळप दूर चरतात, म्हणून तो खडक कोरून दुधाचा पाट आणतो. शिरीनचा घोडा कोसळू लागतो तेव्हा तो तिला घोड्यासकट खांद्यावर उचलून महालापर्यंत नेतो. इराणी चित्रकारांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा रंगवला. बादशहा खुसरो त्याला दरबारात बोलावतो आणि दोघांत सवाल-जवाब होतात. हा मुनाजरा फारसी काव्यातला एक नामांकित भाग समजला जातो. बादशहा हरतो आणि बेसतून पर्वतातून रस्ता काढण्याची अट घालतो. काम पुरे होत आले असे दिसताच शिरीन मरण पावल्याची खोटी बातमी फरहादला सांगितली जाते आणि तो प्राण देतो.

यात घोडा उचलण्याचा प्रसंग नृत्याला सोयीचा आहे. पण मुनाजरा म्हणजे शुद्ध शब्द आणि खोटी बातमी तर त्याहून अवघड. बॅलेत खोटे बोलता येत नाही. कोणी खोटे सांगितले हे प्रेक्षकाला कळायचे तर हातवारे करून सांगावे लागते आणि हातवाऱ्यांनी सांगितलेली शोकांतिका हास्यास्पद होण्याचा धोका असतो. ग्रिगोरोविचच्या आधीच्या पिढीतील सोव्हिएत बॅलेने हातवारे आणि खऱ्यासारखे नेपथ्य यांचा पुष्कळ आधार घेतला होता. त्याला तो मार्ग नको होता. सर्व काही नृत्यानेच सांगावे असा त्याचा आग्रह होता. त्याच्या हाती निजामीचीच कथा जशीच्या तशी पडली असती तर तो अडला असता. परंतु त्याच्या हाती पडले ते हिकमतचे नाटक आणि हिकमतने कथेचा कणाच बदलला होता.

हा बदल हिकमतच्या एकट्याचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. नवाईने १४८४ मध्ये मध्य आशियातील तुर्की भाषेत ‘फरहाद व शिरीन’ लिहिले, तेव्हाच त्याने फरहादला नायक केले होते. त्याचा फरहाद कोरडा डोंगर फोडून पाणी आणतो. आनातोलियात अमास्या या गावी तर लोक फरहादची गोष्ट आपल्याच गावची म्हणून सांगतात आणि डोंगरात कोरलेला एक प्राचीन पाट त्याच्या नावाने दाखवतात. तो पाट फरहादच्या कथेहून कितीतरी जुना आहे, पण लोकांनी तो त्यालाच देऊन टाकला. म्हणजे एका बाईच्या महालात जाणारे दूध लोककथेत गावात येणारे पाणी झाले होते. हिकमतने तेथून सुरुवात केली.

त्याने हे नाटक १९४८ मध्ये तुर्कस्तानच्या तुरुंगात लिहिले. १९३८ पासून तो कैदेत होता आणि शिक्षा अठ्ठावीस वर्षांची होती. १९५० मध्ये त्याची सुटका झाली. पुढच्या वर्षी तो सोव्हिएत संघात गेला. तुर्कस्तानने त्याचे नागरिकत्व काढून घेतले आणि १९६३ मध्ये मॉस्कोत त्याचे निधन झाले. नागरिकत्व परत मिळाले ते २००९ मध्ये, मृत्यूनंतर सेहेचाळीस वर्षांनी. आपल्या वाचकांना तो फैज अहमद फैज यांनी केलेल्या उर्दू अनुवादांमुळे थोडाफार ठाऊक आहे. माणसापासून आणि घरापासून तोडलेला कैदी डोंगरात कोंडलेल्या फरहादविषयी लिहितो आहे, एवढे लक्षात ठेवले तरी नाटकाचा सूर कळतो.

आता बॅलेची कथा. मेहमेने बानू ही राज्याची मलिका आहे. निजामीत महीन बानू ही शिरीनची आत्या आहे, येथे ती थोरली बहीण झाली आहे. धाकटी शिरीन मरणाच्या दारात आहे. एक अनोळखी माणूस येतो आणि तिला बरी करण्याचे कबूल करतो. मलिका सोने देऊ करते, तो नाकारतो. ती मुकुट देऊ करते, तोही नाकारतो. त्याला हवे असते तिचे सौंदर्य. ती देते. शिरीन उठते आणि बहिणीचा चेहरा ओळखू शकत नाही. पुढे शिरीनसाठी नवा महाल बांधला जात असताना तेथे नक्षी काढणारा फरहाद दोघी बहिणींच्या नजरेस पडतो आणि दोघीही त्याच्यावर प्रेम करू लागतात. फरहादचे मन शिरीनवर जडते. दुसऱ्या अंकात शहर पाण्यावाचून तळमळत आहे. शिरीन आणि फरहाद पळून जातात, वजीर खबर देतो, पाठलाग होतो आणि दोघे पकडले जातात. मलिका अट घालते की, फरहादने लोखंडी डोंगर फोडून पाणी आणावे, मग शिरीन त्याची. तिसऱ्या अंकात फरहाद डोंगरात आहे. पाणी वाहू लागल्याचे आणि त्या पाण्यात शिरीन आल्याचे स्वप्न त्याला पडते. इकडे मलिकेला आपले रूप परत आल्याचे आणि फरहाद आपला झाल्याचे स्वप्न पडते. शिरीनच्या विनवणीवरून दोघी बहिणी डोंगराकडे जातात. आता मलिका वेगळी अट घालते. फरहादने काम सोडावे आणि शिरीनला न्यावे. खाली लोक पाण्याची वाट पाहत उभे आहेत. फरहाद डोंगर निवडतो.

येथे खोट्या बातमीला जागाच उरलेली नाही. कोणी कोणाला फसवत नाही, कोणी मरत नाही. प्रत्येक वळणावर कोणीतरी काहीतरी देते किंवा द्यायचे नाकारते. देणे आणि नाकारणे या शरीराने दाखवण्याच्या गोष्टी आहेत. मलिका सोन्यावरून मुकुटाकडे आणि मुकुटावरून स्वतःच्या चेहऱ्याकडे येते हे समजायला शब्द लागत नाही. ही कथा पूर्ण लांबीच्या बॅलेत टिकते याचे पहिले कारण आमच्या मते हेच आहे.

दुसरे कारण मेहमेने बानू. रूप गमावल्यानंतर ती चेहऱ्याचा खालचा भाग कापडाने झाकून घेते आणि उरलेला बॅले बहुतेक तशीच नाचते. युरोपच्या बॅलेला पूर्वेकडची बुरख्यातली स्त्री नवी नव्हती. १८५६ च्या ‘ल कोर्सेर’मध्ये गुलाम बायकांचा बाजार आणि पाशाचे जनानखाने आहेत. १९१० च्या ‘शहरजाद’ने तर पॅरिसला पूर्व म्हणजे वासना आणि कत्तल असेच शिकवले. त्या मंचावर तलम ओढणी ही पुरुषाच्या नजरेला चाळवण्याची वस्तू होती. ‘प्रेमाची आख्यायिका’त चेहरा झाकणारे कापड ही एक जखम आहे. त्यामागे काय होते आणि काय गेले हे प्रेक्षकाला माहीत असते. ते त्याला दिसत मात्र नाही. नर्तकीला चेहऱ्याची मदत उरत नाही. जे सांगायचे ते मान, पाठ, मनगट आणि पाय यांनी सांगावे लागते. झाखारोवाच्या लांब हातांनी हे काम फार संयमाने केले आहे. हात वर जातो, कोपरात मोडतो आणि चेहऱ्याजवळ येऊन थांबतो. आमच्या समजुतीप्रमाणे मुस्लिम स्त्रीच्या झाकलेल्या चेहऱ्याला युरोपीय बॅलेच्या मंचावर इतका मान फार क्वचित मिळाला असेल.

विरसालाद्झे यांच्या नेपथ्यातही हीच समज आहे. मंचावर मिनार, गालिचे आणि कारंजी यांची गर्दी नाही. मागे एक भले मोठे जुने पुस्तक आहे. ते उघडते आणि त्याच्या पानातून महाल, रस्ता, डोंगर समोर येतो. पात्रेही अनेकदा लघुचित्रातल्यासारखी एका बाजूने, कोन करून उभी राहतात. त्यामुळे आपण खरा इराण किंवा तुर्कस्तान पाहत नसून एक मसनवी वाचत आहोत, हे प्रेक्षकाच्या ध्यानात राहते. मेलिकोव्ह यांचे संगीतही याला धरून आहे. पहिल्या प्रयोगाच्या वेळी ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्यांचे गुरू कारा कारायेव्ह यांनी १९५२ मध्ये निजामीच्याच कथेवरून ‘सात सुंदरी’ हा बॅले केला होता. त्याआधी १९०८ मध्ये बाकूत उझेयिर हाजीबेयोव्ह यांनी ‘लैला-मजनू’चा ऑपेरा केला होता. म्हणजे जुन्या मसनवींतल्या कथा पाश्चात्त्य वाद्यवृंदात बसवण्याची बाकूची परंपरा मेलिकोव्ह यांच्या आधी अर्धशतक चालू होती. त्यांच्या संगीतात मुगामचे वळण ऐकू येते, पण ते चवीपुरते घातलेले मीठ नाही. पाठलागाच्या प्रसंगात तोच स्वर तालवाद्यांच्या माऱ्याखाली चेंगरतो आणि मलिका स्वतः सैनिकांबरोबर मंच ओलांडत झेपा घेते, तेव्हा राग आणि लाज यांत फरक करणे कठीण होते.

या बॅलेतील सर्वांत मोठी कल्पना मात्र त्रयीच्या नृत्यांची आहे. मोक्याच्या क्षणी सगळे थांबते. मंच अंधारतो, दरबारी, सैनिक, गर्दी जणू नाहीशी होते आणि प्रकाशात फक्त तिघे उरतात. मलिका, शिरीन आणि फरहाद आपापल्या मनातले नाचतात. बाहेर घडत असलेली घटना तेवढ्यापुरती गोठलेली असते. नाटकात याला स्वगत म्हणतात. पण तीन पात्रे एकाच वेळी स्वगत म्हणू लागली तर गोंगाट होईल. नृत्यात ते होत नाही. तिघांच्या हालचाली कधी जुळतात, कधी एकमेकांना छेदतात आणि कोण कोणाच्या वाट्यात उभा आहे हे स्पष्ट दिसते. निजामीचा मुनाजरा बॅलेत आणता आला नाही खरा, पण त्याच्या तोडीचे काहीतरी येथे सापडले आहे असे म्हणायला हरकत नाही.

एवढे गुण मान्य करूनही दोन गोष्टींवर आमचे मन अडते.

पहिली गोष्ट तहानेची. फरहाद शेवटी प्रेम सोडतो ते लोकांच्या पाण्यासाठी. मग ती तहान आम्हाला किती दिसली? दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आटलेल्या झऱ्याभोवतीचे लोक येतात. रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाया आपल्या वाचकांना परक्या नाहीत. त्यांचे दुःख ओळखायला आपल्याला मार्गदर्शक लागणार नाही. पण हा प्रसंग लवकर आटोपतो आणि बॅले परत महालाकडे वळतो. मलिकेच्या वेदनेला भरपूर वेळ आहे, दरबाराच्या मिरवणुकीलाही आहे. पाणी स्वतः नाचते ते फरहादच्या स्वप्नात, आणि ते समूहनृत्य देखणे आहे. म्हणजे पाणी नाचले, तहान मात्र पुरेशी नाचली गेली नाही. परिणामी शेवटच्या दृश्यात फरहादच्या एका बाजूला शिरीन आहे, जिला आम्ही दोन तास ओळखतो आहोत, आणि दुसऱ्या बाजूला लोक आहेत, ज्यांतल्या एकाचाही चेहरा आमच्या लक्षात नाही. तराजूचे एक पारडे हलके राहिले आहे. फरहादचा निर्णय थोर आहे हे आम्हाला बुद्धीने पटते, काळजाला भिडत नाही. १९६१ च्या सोव्हिएत प्रेक्षकाला व्यक्तीने जनतेसाठी त्याग करावा हे शाळेपासून शिकवलेले होते, त्यामुळे त्याला कदाचित एवढे पुरले असेल. आज पाहणाऱ्याला ते पुरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘जू-ए-शीर लाना’ हा वाक्प्रचार आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा ओघाने कथाही सांगावी लागते. एकदा कथा संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, फरहादने डोंगर फोडला, मग शिरीनने काय केले?” प्रश्न साधा होता, पण तो या बॅलेला विचारून पाहावा. शिरीनचा जीव वाचावा म्हणून बहीण आपले रूप देते, शिरीनला न विचारता. पाण्याच्या बदल्यात शिरीनचा सौदा होतो, तोही तिला न विचारता. शेवटी फरहाद डोंगर निवडतो, तेव्हाही निर्णय त्याचा. शिरीनने तो समजून घ्यायचा. संहिता तिच्याकडून एवढेच मागते की, तिने उदात्त व्हावे. दोन माणसांच्या दोन कुर्बान्या आणि दोन्हींची किंमत भरणारी तिसरीच. आपल्या घरांत, आपल्या बिरादरीत ही गोष्ट आपण पाहिलेली नाही काय? भावाच्या शिक्षणासाठी, बापाच्या शब्दासाठी, खानदानाच्या नावासाठी कोणी मोठे मन दाखवतो आणि त्या मोठेपणाचा हप्ता घरातली एखादी मुलगी आयुष्यभर फेडत राहते. तिला कोणी विचारलेले नसते.

आणि येथे निजामी पुढे आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. आठशे वर्षांपूर्वीची त्याची शिरीन घोड्यावर मांड ठोकून एकटी निघते, बादशहाला महालाच्या दाराबाहेर उभा ठेवते आणि निकाहाशिवाय त्याच्या जवळ जाण्यास ठाम नकार देते. फरहाद डोंगर फोडत असतो तेव्हा ती स्वतः तेथे जाऊन त्याला भेटते. मसनवीचा शेवटही तिच्या स्वतःच्या निर्णयाने होतो. तो निर्णय पटो वा न पटो, तो तिचा आहे. हिकमतने फरहादला लोकांपर्यंत नेले, पण त्या प्रवासात शिरीनला मागे ठेवले. पुढारलेल्या विचाराच्या नाटकात स्त्री मागे पडावी हे नवल वाटते, पण असे आपल्याकडच्याही पुष्कळ पुरोगामी लेखनात घडले आहे.

तरीही येथे बॅलेची बाजू घेण्यासारखी एक गोष्ट आहे. जे संहितेने दिले नाही ते काही अंशी नृत्याने दिले आहे. त्रयीच्या नृत्यांत शिरीनला मलिका आणि फरहाद यांच्या बरोबरीची जागा आहे. तेथे तिचा होकार किंवा नकार कोणी गृहीत धरू शकत नाही. तिचे शरीर स्वतः बोलत असते. निकुलिनाची शिरीन हलकी, चपळ, जराशी अल्लड आहे. पण शेवटच्या भेटीत तिच्या हालचालींतला हा चपळपणा हळूहळू ओसरतो. फरहादने काय ठरवले हे तिला आमच्या आधी कळते. क्षणभर ती त्याच्याकडे न वळता स्वतःतच थांबते. तेवढ्या विरामात त्या सातवीतल्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. शब्दांच्या नाटकात तिला एखादे बाणेदार वाक्य देऊन लेखक मोकळा झाला असता.

आपल्या परंपरेत इश्काच्या दोन पायऱ्या सांगितल्या आहेत, इश्क-ए-मजाजी आणि इश्क-ए-हकीकी. माणसावरच्या प्रेमात होरपळून माणूस परमेश्वरावरच्या प्रेमापर्यंत पोचतो, असा सूफींचा विचार. मजनू त्याच वाटेने वाचला जातो आणि फरहादही पुष्कळदा. हिकमतचा फरहाद या जिन्याने चढतो, पण वर पोचल्यावर त्याला दिसतो तो खल्क, म्हणजे लोक. श्रद्धावान वाचकाला हे खटकण्याचे कारण नाही. खिदमत-ए-खल्क ही आपल्याकडे इबादतीपासून फार दूरची गोष्ट कधीच मानली गेली नाही. उलट या वळणामुळे एका जुन्या आक्षेपाला उत्तर मिळते. गालिबला फरहादची कीर्ती मान्य नव्हती. प्रेम करायचे आणि प्रतिस्पर्ध्याच्या ऐशमहालासाठी मजुरीही करायची, हे कसले प्रेम, असा त्याचा टोला होता. इक्बालने तर कोहकन आणि परवेज या जोडीला मजूर आणि सत्ताधीश असा अर्थ देऊन, मजुराच्या हाती सत्ता आली तरी तोही परवेजच्याच चाली खेळू शकतो, अशी धोक्याची सूचना दिली. बॅलेतला फरहाद पहिल्या अंकात महालाच्या भिंतींवर नक्षी काढणारा कारागीर आहे आणि शेवटच्या अंकात तोच हात लोकांसाठी डोंगर फोडतो आहे. गालिबच्या टोल्याला इतके समर्पक उत्तर आम्हाला दुसरीकडे आढळले नाही. इक्बालच्या सूचनेला मात्र या बॅलेत उत्तर नाही. ज्या राज्यात तो जन्मला, त्या राज्याने ती सूचना ऐकली असती तर बरे झाले असते.

मेलिकोव्ह २०१९ मध्ये गेले आणि ग्रिगोरोविच २०२५ मध्ये. त्यांच्यामागे त्यांचे काम नव्या नर्तकांच्या हाती आहे. पुढे कोणी ही कथा मंचावर आणील, बॅले म्हणून असो किंवा आपल्याकडच्या एखाद्या नृत्यनाट्याच्या रूपाने असो, त्याने ग्रिगोरोविचकडून दोन गोष्टी घ्याव्यात. शोक बातमीवर न टांगता निवडीवर उभा करावा आणि झाकलेल्या चेहऱ्याचा आदर करावा. आणि जे राहून गेले ते भरून काढावे. तहानेला तिचा पुरा वेळ द्यावा, घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांना चेहरे द्यावेत. शेवटी फरहाद डोंगराकडे वळेल त्या आधी कोणीतरी शिरीनला विचारावे. ती कदाचित म्हणेल की, मीही तेशा उचलते. पाणी गावाचे आहे आणि ती त्याच गावची आहे. मग तो पाट एकट्या फरहादच्या नावाने ओळखला जाणार नाही.